रुखवतातली मुंबई

सेंजितांच्या घराण्यात मुलगी फार लांब दिली असं कुणी म्हटलं, तर ती माहीमला दिली असं समजायचं. पाठारे प्रभूंची ही जुनी मंडळी. मुंबईतली पहिली विहीर कुणाच्या पूर्वजाने खणली यावर त्यांच्यात अजून वाद आहे, पण त्या विहिरीपासून फार दूर जायचं नाही यावर मात्र एकमत आहे. कमलाकांत सेंजितांची एक आत्या ठाकुरद्वारला दिलेली, दुसरी मुगभाटात आणि तिसरी माहीमला. या तिसरीच्या लग्नात आजीने इतकं रडून घेतलं म्हणे, की भटजींना मंगलाष्टकं मध्येच थांबवावी लागली. पुढे माहीमची आत्या दर शनिवारी माहेरी येऊन पोटभर जेवून जात असे, आणि तरीही घरात तिचा उल्लेख 'बिचारी' असाच होई.

अशा घरातली वासंती आता बेळगावला जाणार होती.

यात कमलाकांतांची काही चूक नव्हती. मुलगा त्यांनी मुंबईचाच पाहिला होता. अच्युत मानकर, घर परळला, शिकून सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसीअर झालेला. तूर्त नेमणूक बेळगावला, पण वर्ष-दोन वर्षांत बदली होऊन मुंबईत येणार असं मानकरांनी सांगितलं होतं, आणि बेळगाव तेव्हा मुंबई राज्यातच होतं. साखरपुडा झाला, पेढे वाटले गेले. आणि मग छप्पन्न सालच्या नोव्हेंबरात राज्यांची नवी मांडणी होऊन बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, ते तिथल्या कचेऱ्या, रस्ते, पूल आणि पुलांवरचे ओव्हरसीअर यांच्यासकट. होणारा जावई खुर्चीवरून न उठता परराज्यात गेला. संयुक्त महाराष्ट्रासाठी सगळं गिरगाव तळमळत होतं, पण इतका सरळ घरचा तोटा दुसऱ्या कुणाचाही झालेला नाही, असं कमलाकांतांचं प्रामाणिक मत होतं.

पत्नी राजलक्ष्मीबाई रडल्या वगैरे नाहीत. त्या एके संध्याकाळी बोंबील साफ करता करता म्हणाल्या, "बेळगाव नक्की कुठे आहे हो?" कमलाकांतांनी पेपरातून डोकं वर न काढता हात लांब केला आणि खिडकीकडे बोट दाखवलं. राजलक्ष्मीबाईंनी त्या दिशेला पाहून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे ऑपेरा हाऊसच्या पलीकडे." कमलाकांत हो म्हणाले. आपण बोट उत्तरेला दाखवलं हे त्यांच्या दुसऱ्या दिवशी ट्रॅममध्ये लक्षात आलं आणि ऑफिस येईपर्यंत ते मनातल्या मनात ओशाळत राहिले. एकुलती एक मुलगी कुठे चालली आहे ते बापाला धड दाखवता येऊ नये, ही गोष्ट त्यांना फार लागली. तसं पाहिलं तर त्यांना सगळंच लागत होतं. वासंती जाणार हे त्यांना सोसत नव्हतं, आणि आपल्यासारख्या विमा कंपनीतल्या हेडक्लार्कने अशी गोष्ट बोलून दाखवायची कशी हे त्यांना ठाऊक नव्हतं.

लहानपणी ते वासंतीला चौपाटीवर नेत. निघायची वेळ झाली की ती मूठभर वाळू घट्ट धरायची आणि घरी येईपर्यंत मूठ उघडायची नाही. घरी येऊन उघडली की त्यात दोन-चार कण उरलेले असत. तरी पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्या मुठीची त्यांना हल्ली वारंवार आठवण येई.

त्याच सुमारास फोर्टमधल्या त्यांच्या विमा कंपनीचा गोरा साहेब कायमचा विलायतेला निघाला. जाताना त्याने सामान वाटून टाकलं. अकाउंटंटला मेजावरचा दिवा मिळाला, टायपिस्टला छत्री मिळाली आणि कमलाकांतांच्या वाट्याला एक खोकं आलं. आत लाकडाचे वेडेवाकडे तुकडे होते. जुळवले की ओढ्याकाठची इंग्रजी झोपडी आणि बदकं होत, पण काही तुकडे हरवलेले असल्यामुळे झोपडीला दार नव्हतं. कमलाकांतांनी तरी रीतसर आभार मानले.

खोक्याच्या तळाशी मात्र एक छापील पत्रक होतं आणि त्यात या खेळाची सगळी कुळकथा दिली होती. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी लंडनमधल्या एका नकाशेवाल्याने देशोदेशींचा नकाशा महोगनीच्या पातळ फळीवर चिकटवला, बारीक करवतीने एकेक देश त्याच्या सरहद्दीवरून कापून काढला आणि ते तुकडे पेटीत भरून विकायला ठेवले. मुलांनी ते जुळवायचे आणि जुळवता जुळवता भूगोल शिकायचा. खुद्द इंग्लंडच्या राजाची मुलं अशीच भूगोल शिकली. झोपड्या आणि बदकं पुष्कळ नंतरची. मूळचा खेळ नकाशाचा. कमलाकांतांनी हे जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि त्यांचा डबा तसाच राहिला. वासंतीच्या रुखवतात आपण असा नकाशा ठेवायचा, आपल्या हाताने केलेला. राजलक्ष्मीला बेळगाव कळेल, वासंतीला तिकडे बसून गिरगाव दिसेल, आणि लग्नापर्यंत आपल्या हातांना काहीतरी काम मिळेल. हे तिसरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

पहिली दोन मात्र त्यांनी गिरगावातल्या आपल्या वाडीत भेटेल त्याला सांगितली, आणि त्याआधी खेळाचा इतिहास. तो मात्र कुणी पुरा ऐकून घेईना. "दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये एक नकाशेवाला होता," इथपर्यंत गाडी आली की समोरचा माणूस आपल्या मेव्हण्याच्या लंडनवारीवर तरी जाई किंवा राज्य पुनर्रचनेवर तरी. महोगनीपर्यंत पोचलेला श्रोता त्यांना त्या हिवाळ्यात लाभला नाही.

नकाशा आणायला गेले तेव्हा पहिली पंचाईत झाली. दुकानदाराकडे नकाशा होता तो जुन्या मुंबई राज्याचा, बेळगाव-धारवाडासकट. नवा केव्हा येईल विचारल्यावर तो म्हणाला की छापायला गेलाय, पण तोही किती दिवस चालेल याची खात्री नाही, घाई नसेल तर एकदम पक्का झाला की घ्या. लग्न वैशाखात होतं. कमलाकांतांनी जुनाच घेतला. पण ऑफिसात जुना पत्ता कायम राहिलेली पॉलिसी पाहून ज्या माणसाला जेवण जात नाही, त्याच्या घरी चुकीचा नकाशा कसा राहावा? त्यांनी पट्टी घेतली, पेपरातलं वर्णन पुढे ठेवलं आणि तांबड्या पेन्सिलीने नवी सरहद्द स्वतःच्या हाताने नीटनेटकी आखून टाकली. हीच त्यांची घोडचूक झाली.

ती रेघ पहिल्यांदा पाहिली वरच्या मजल्यावरच्या अप्पांनी. अप्पा निवृत्त पोस्टमास्तर. निवडणुका जवळ आल्या होत्या आणि अप्पा संयुक्त महाराष्ट्र समितीच्या प्रचारात रोज सकाळ-संध्याकाळ घसा बसवून घेत होते. त्या बसलेल्या घशाने ते नकाशाकडे पाहत म्हणाले, "कमलाकांतराव, दिल्लीने केलं ते समजू शकतो. पण तुम्ही घरात बसून, स्वतःच्या हाताने?" मग वाडीत बातमी पसरली की सेंजितांनी बेळगाव म्हैसूरला देऊन टाकलं. दोन दिवस पाणी भरताना बायका राजलक्ष्मीबाईंशी जरा जपूनच बोलत होत्या.

खालच्या मजल्यावरचे शामराव सचिवालयात नोकरीला होते आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीला एक नियम असतो अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांच्या मते प्रश्न रेघेचा नव्हताच, करवतीचा होता. सरकारी सीमा दाखवणारा नकाशा कापायचा तर परवानगी लागत असणार. असणार म्हणजे काय ते त्यांना सांगता आलं नाही, पण कमलाकांतांना तेवढं पुरलं. जन्मात कधी विनातिकीट न बसलेला हा माणूस अर्ध्या दिवसाची रजा काढून एका सरकारी कचेरीत गेला. पहिल्या मेजावरच्या गृहस्थाने विचारलं की नकाशा कापण्याचं प्रयोजन काय, शिक्षण की विवाह? कमलाकांत म्हणाले, दोन्ही. तेव्हा शिक्षण समोरच्या इमारतीत आणि विवाहाचा आमच्याशी संबंध नाही, असं उत्तर आलं. दुसऱ्या मेजावर नकाशा उलगडून झाला. तिथल्या साहेबाने तो बराच वेळ न्याहाळला आणि सांगितलं की हे राज्य आता अस्तित्वात नाही, तेव्हा ते कापायला आमची हरकत असू शकत नाही. मात्र बेळगावच्या भागापुरतं म्हैसूर सरकारला विचारावं. कमलाकांतांनी नकाशाची गुंडाळी केली आणि रजेचा उरलेला वेळ बाकावर बसून काढला.

मग लाकूड. लंडनवाल्याने महोगनी वापरली म्हणून यांनाही महोगनी हवी. रे रोडच्या वखारीतला माणूस हे ऐकून आधी हसला आणि मग सागाची एक पातळ, रुंद फळी काढून दिली. ती ट्रॅममध्ये घ्यायला कंडक्टर तयार होईना. हमाल करायचा तर एका फळीसाठी कशाला, असा विचार करून कमलाकांतांनी कोटाची बटणं लावली, टोपी काढून खिशात घातली आणि फळी डोक्यावर घेतली. अर्ध्याहून जास्त वाट कुणी ओळखीचं भेटलं नाही. ठाकुरद्वारच्या नाक्यावर एका बाईंनी हाक मारून विचारलं की आणखी एक कपाट आहे, मुगभाटापर्यंत न्यायला काय घेशील. अरे-तुरे ऐकण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी मान वळवून आपण कोण आहोत ते सांगायचं ठरवलं, पण मान वळली तशी फळीही वळली आणि एका केळीवाल्याची टोपली रस्त्यावर गेली. पुढचं त्यांनी घरी कधी सविस्तर सांगितलं नाही. घरी मात्र त्या दिवशी केळी पुष्कळ होती.

चिकटवण्यासाठी राजलक्ष्मीबाईंनी मैद्याची छान खळ करून दिली. दोघांनी मिळून नकाशा फळीवर बसवला, सुरकुत्या काढल्या. तेव्हा प्रथमच राजलक्ष्मीबाईंनी मुंबई आणि बेळगाव दोन्ही एकदम पाहिली. त्यांनी मुंबईवर करंगळी टेकवली आणि बोटं खाली ठेवत गेल्या. "चार बोटं," त्या म्हणाल्या. "मग एवढं काय." असं म्हणून त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

सकाळी उठून पाहतात तर खळीच्या वासाने झुरळं आलेली आणि त्यांनी जवळजवळ सगळा रत्नागिरी जिल्हा खाल्लेला. शामराव मूळचे राजापूरचे. ते बातमी ऐकून वर आले, राजापूरच्या जागी उघडं पडलेलं सागवान पाहिलं आणि आल्या पावली खाली गेले. दुसरा नकाशा आणला, पहिल्याचे अवशेष घासून काढले, पुन्हा तांबडी रेघ आखली, आणि या खेपेला सुतारांचा सरस आणून चुलीवर उकळला. त्याचा वास असा काही सुटला, की सुक्या जवळ्याला सरावलेल्या त्या वाडीनेही दारं लावून घेतली. पण नकाशा बसला.

कापायचं काम कमलाकांतांनी स्वतःच सुरू केलं. बारीक करवत आणली, फळी खाटेच्या काठावर ठेवली आणि नकाशाच्या उत्तर टोकाकडून सुरुवात केली, कारण तिथे वाडीतलं कुणी राहत नव्हतं. तासाभराच्या मेहनतीनंतर लक्षात आलं की नकाशाबरोबर खाटेचा काठही कापला जातो आहे. खाट राजलक्ष्मीबाईंच्या माहेरची होती. त्या दिवशी जेवताना त्यांनी कमलाकांतांना दुसऱ्यांदा वाढलं नाही.

शेवटी ऑफिसातल्या एकाने नायगावच्या दौलतचं नाव सांगितलं. दौलत बीडीडी चाळीत राहायचा आणि कॅरमबोर्ड बनवायचा. नक्षीकामाला त्याच्यासारखा हात नाही, असं म्हणत. खोलीच्या भिंतीवर बुद्धाची नवी तसबीर होती आणि शेजारी हार घातलेला बाबासाहेबांचा फोटो. दौलतने फळी उजेडात धरली, चहा सांगितला, कमलाकांतांचा लंडनचा नकाशेवाला महोगनीच्या अलीकडेच थांबवला आणि तांबड्या रेघेवर बोट ठेवलं.

"ही कसली लाईन?"

कमलाकांतांनी सांगितलं. दौलतने फळी खाली ठेवली.

"साहेब, बाकी कुठंपण कापतो. हितं नाय कापणार. आमच्या चाळीतला पोरगा गेला गोळीबारात गेल्या साली. त्याची आई खालच्या खोलीत ऱ्हाते. तिच्या डोक्यावर बसून ही लाईन कापू मी?"

वासंती त्या दिवशी दादरला खरेदीला म्हणून बरोबर आली होती आणि दारातच उभी होती. तिने दौलतकडे रबर मागितलं, खाली बसली आणि ती रेघ पुसायला लागली. सगळी पुसून झाल्यावर म्हणाली, "भाई, जिल्ह्याजिल्ह्यावरून कापा ना. म्हणजे कुणाचं राज्य कुठे संपतं हे नकाशाने सांगायला नको." वासंती वडिलांना भाई म्हणत असे. दौलतला हे पटलं. कमलाकांतांना हे आपल्याला का सुचलं नाही याचं वाईट वाटलं आणि तिला सुचलं याचं त्याहून बरं वाटलं.

एक अडचण उरली. जिल्ह्यावर कापायचं तर मुंबईचा वेगळा तुकडा निघणार, आणि तो साधारण तुरीच्या डाळीएवढा. पण खरी अडचण आकाराची नव्हती. मुंबई वेगळी, हे शब्द अप्पांच्या कानावर गेले मात्र, ते जिना उतरून खाली आले. वर्षभर कशासाठी घसे फोडले, मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या? मुंबई वेगळी काढायची नाही म्हणूनच ना? अप्पांनी निर्वाणीचं सांगितलं की या वाडीत मुंबई वेगळी निघणार असेल तर ते लग्नाला येतील पण जेवणार नाहीत. तेव्हा ठाणे, मुंबई आणि कुलाबा असे तीन जिल्हे मिळून किनाऱ्याचा एक लांबट तुकडा ठेवायचा असा तोडगा निघाला. दौलतने तो इतका सफाईने कापला की तळहातावर ठेवला तर बरोबर मुठीत मावत असे. नकाशा पुरा झाला तेव्हा निवडणुकाही आटोपल्या होत्या आणि समितीच्या विजयाने अप्पांचा घसा पुरता गेला होता.

लग्न वाडीच्या अंगणातच झालं. रुखवताच्या मेजावर ताटाएवढ्या करंज्या होत्या, मोत्यांचं तुळशीवृंदावन होतं, शिंपल्यांचा महाल होता, आणि मधोमध कमलाकांतांचा नकाशा. सकाळी त्यांनी एकेक जिल्हा स्वतः बसवला होता. लोक थांबून पाहत होते, आपापलं गाव शोधत होते, आणि कमलाकांत नवी पगडी सावरत जवळच घुटमळत होते. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. पंगती बसायच्या आधी परळचे एक वयस्क मानकर चष्मा पुसत मेजाशी आले, वाकले आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "यात मुंबई कुठाय?"

मुंबई नव्हती. ठाण्यापासून कुलाब्यापर्यंत नुसतं भोक होतं.

सत्तावन्न सालच्या गिरगावात, भर मांडवात मुंबई नाहीशी होणं म्हणजे काय, हे सांगून कळायचं नाही. सनई आपोआप थांबली. अप्पांनी सावकाश मान वळवून शामरावांकडे पाहिलं. शामराव सरकारी नोकर होते आणि सकाळपासून दोनदा रुखवतापाशी दिसले होते. शामरावांनी कोटाचे सगळे खिसे उलटे करून दाखवले. त्यांतून एक सुपारी आणि एक करंजी निघाली, आणि करंजीचा खुलासा करता करता त्यांचे कान लाल झाले. अप्पांनी घशाच्या उरलेल्या ताकदीवर जाहीर केलं की मुंबई मिळेपर्यंत मांडवातून कुणी बाहेर जाणार नाही. हे आचाऱ्यालाही लागू झाल्यामुळे जिलब्या अडकल्या. नवऱ्याकडच्या बायकांत कुजबूज सुरू झाली. कमलाकांतांनी पगडी काढून राजलक्ष्मीबाईंच्या हातात दिली आणि रेशमी धोतरानिशी रांगत मेजाखाली शिरले.

चादर चारी बाजूंनी जमिनीपर्यंत लोंबत होती, त्यामुळे आत बऱ्यापैकी एकांत होता. तिथे आधीपासून एक माणूस होता. तो मुंडावळ्या कानामागे सारून गुडघ्यांवर बसला होता आणि फरशी चाचपत होता.

"इथे नाही दिसत," अच्युत म्हणाला. मग म्हणाला, "तुम्ही स्वतः केलात ना नकाशा? हा खेळ मुळात आला कुठून?"

कमलाकांतांना तो विचारणारा चेहरा नीट दिसत नव्हता. त्यांनी बिचकतच सुरुवात केली. दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये एक नकाशेवाला होता. अच्युत ऐकत राहिला. कमलाकांत महोगनीपाशी आले, ती ओलांडून बारीक करवतीपाशी आले, राजाच्या मुलांपाशी आले. आणि तरी कुणी अडवेना. मग त्यांना आणखीही आठवलं. सुरुवातीच्या तुकड्यांना एकमेकांत अडकायचे दाते नव्हते, कुणी शिंकलं तरी सगळं जग विस्कटायचं. पेटीवर चित्रही नसे. कसं जुळवायचं ते ज्याचं त्याने शोधायचं. पुढे मंदीच्या दिवसांत ज्यांना विकत परवडत नसे ते लोक हे खेळ वाचनालयातून पुस्तकासारखे घरी नेत. बाहेर अप्पा आणि शामराव यांचं भांडण आता करंजीवर आलं होतं, आणि आत कमलाकांत पत्रकातल्या शेवटच्या ओळीपर्यंत पोचले होते.

"आणि सरहद्द बदलली की तो नकाशेवाला काय करत असेल?" अच्युतने विचारलं.

हे पत्रकात नव्हतं. "नवा कापत असेल," कमलाकांत म्हणाले.

"मी बदलीचा अर्ज दिलाय. पण तो आता म्हैसूरमार्गे फिरतोय. केव्हा होईल ते नाही सांगता येत." अच्युतने क्षणभर फरशीकडे पाहिलं. "श्रावणात मी तिला आणून सोडीन. ते मात्र नक्की सांगतो."

साखरपुड्यापासून या मुलाबद्दल मनात जो एक खडा होता, तो कमलाकांतांना त्यानंतर सापडला नाही. मुंबईही सापडली नाही. जिलब्या गार व्हायला लागल्या तशी पंगत बसवावीच लागली, आणि नवऱ्याकडच्यांनी मोठ्या मनाने विषय मिटवला. नवरीला मात्र कुणी काही विचारलंच नव्हतं. तिला विचारायचं कशाला?

पाठवणीच्या वेळी टॅक्सी वाडीच्या तोंडाशी उभी राहिली. राजलक्ष्मीबाईंनी लेकीची ओटी भरली, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि पदर तोंडाला लावला. कमलाकांत नकाशाची पेटी घेऊन पुढे आले. मुंबई नसली तर नसो, बाकीचं तरी तिच्याबरोबर जावं. वासंतीने पेटी घेतली नाही. हिरव्या बांगड्या भरलेला हात तिने पुढे केला, मूठ मिटलेली होती. ती मूठ कमलाकांतांनी ओळखली.

"भाई, शोधू नका," ती म्हणाली. "माझ्याकडे आहे. सगळा नकाशा तिकडे नेला तर तुम्ही इथे काय बघणार? बेळगाव तुमच्याकडे राहू दे. मुंबई मी नेते."

कमलाकांतांना आपण आज रडायचं नाही असं ठरवल्याचं आठवत होतं. ते भर वाडीत, पगडीशिवाय, सगळ्यांसमोर रडले. अप्पा शेजारीच होते. एक वर्षभर मुंबई जाऊ देणार नाही म्हणून ओरडलेल्या त्या माणसाने फाटक्या आवाजात म्हटलं, "नेऊ दे तिला. तिच्याकडे नीट राहील." शामराव म्हणाले की याच्या विरुद्ध नियम असल्याचं त्यांच्या तरी ऐकिवात नाही.

मग तो भोक पडलेला नकाशा सेंजितांच्या बाहेरच्या खोलीत आडव्या फळीवर मांडलेला राहिला. येणारा-जाणारा विचारी, आणि कमलाकांत सांगत. आता इतिहास ऐकायला लोक थांबत, कारण शेवटी मुंबई कुठे गेली हे सगळ्यांना हवं असे. राजलक्ष्मीबाई रोज नकाशा पुसत. भोकापासून बेळगावपर्यंत त्या चार बोटं ठेवून पाहत आणि मग कामाला लागत.

श्रावणात वासंती आली. अच्युत तिला सोडून, घाईने दोन घास खाऊन परत गेला. वासंती थोडी बारीक झाली होती. राजलक्ष्मीबाईंनी ते तिच्या पायांवर पाणी घालतानाच पाहिलं. चहासुद्धा न घेता वासंतीने पिशवीतून रुमालात गुंडाळलेली मुंबई काढली आणि जागेवर ठेवली.

ती बसेना. म्हणजे बसली, पण सैल. बोट लावलं की खडखडे. बेळगावच्या पावसात ओल धरू नये म्हणून वासंतीने तो तुकडा चुलीवरच्या फळीवर ठेवला होता, आणि धगीने तो आक्रसून गेला होता. तिचा चेहरा पडला. कमलाकांत लगेच उठले, कागदाच्या पट्ट्या, सरस, जे हाताला येईल ते काढायला लागले; कडेने थोडा कागद लावला की घट्ट होईल असं त्यांचं म्हणणं.

"तुम्ही काही करू नका," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. "राहू दे इथे चार दिवस. इथली हवा लागली की बसेल आपोआप."

कमलाकांतांनी सरस परत ठेवून दिला. वासंती राहिली. राजलक्ष्मीबाईंनी तिला कोबीचं भानोलं करून घातलं, नारळाच्या रसातल्या शिरवळ्या करून घातल्या, माहीमची आत्या शनिवारी येऊन तिला 'बिचारी' म्हणून गेली. पिठोरी अमावास्या झाली. वाडीतल्या भिंतींना ओल होती, कपडे वाळत नव्हते, डब्यातलं मीठ पाणावलं होतं, आणि एका सकाळी वासंतीने बोट लावलं तर मुंबई हलली नाही.

अच्युत न्यायला आला त्या दिवशी ती निघेचना. त्याने नखांनी पाहिलं, शामरावांनी पोस्टाचं तिकीट घालून पाहिलं, अप्पा तर म्हणाले की अडकलीय तर अडकू द्या. वासंती पिशवी भरून उभी होती. कमलाकांत स्वयंपाकघरातून पातळ सुरी घेऊन आले. सगळ्यांना बाजूला करून ते फळीशी बसले, सुरीचं टोक कुलाब्याच्या बाजूने आत सरकवलं, मग ठाण्याच्या बाजूने, सावकाश, कुठे ओरखडा न येऊ देता, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने मुंबई मोकळी केली. मग ती वासंतीच्या तळहातावर ठेवून तिची बोटं एकेक करून मिटवली.

"चुलीपाशी ठेवू नकोस," ते म्हणाले. मग टॅक्सीपर्यंत तिच्याबरोबर चालत गेले आणि दार लावता लावता पुन्हा म्हणाले, "किंवा ठेव. सैल झाली की घेऊन ये."